खुल्ली म्हणजे खुल्ली

यशोधराबाई सोनकांबळे यांनी माझी खोटी सही केलेली नव्हती. ती सही माझीच होती. माझ्या ओसरीवर बसून, माझ्याच पेनानं मी ती केली होती. हे आधी लिहून टाकतो. माझ्या वयात लिखाण अर्धवट राहू शकतं. बाकी काही राहिलं तरी चालेल, एवढं राहून चालणार नाही.

आता बाईंविषयी.

आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषदेचं. लातूरकडं जाणारी एसटी जिथं वळण घेते त्या कोपऱ्यावर बाईंची पिठाची चक्की आहे. तिच्या एका अंगाला भीमनगर, दुसऱ्या अंगाला आमची गल्ली, म्हणजे शेतीवाल्यांची. निवडणूक आली की दोन्ही मिळून एक प्रभाग होतो. एरवी होत नाही. चक्कीत मात्र रोज होतो.

बाईंचा नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. चक्कीची मोटार त्यानंच बसवली आणि थोड्याच वर्षांत तो गेला. तेव्हापासून बाई एकट्यानं चक्की चालवत. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या असत आणि पदर कमरेला खोचलेला. सगळं आयुष्य चक्कीच्या घरघरीत गेल्यामुळं त्यांचे कान मंद झाले होते आणि आवाज मोठा. समोरच्याचं बोलणं त्या निम्मं ओठांवरूनच ओळखत. चक्की बंद असली तरी त्या ती चालू असल्यासारख्याच बोलत. कुजबुजणं त्यांना जमायचंच नाही. एकदा आमच्या गल्लीतल्या एका सुनेनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सासूची काही तक्रार केली. बाईंनी तिला धीर दिला, आणि तो धीर सासूनं स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून ऐकला. तेव्हापासून बाया म्हणत, यशोदाबाईंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

"यशोदाबाई न्हाई," बाई म्हणत. "यशोदा ती गोकुळातली. मी यशोधरा. मधला 'ध' कामून खाता गं? मी तुमच्या डब्यातलं पीठ खाते का?"

बाया हसत आणि पुन्हा यशोदाबाईच म्हणत. बाई पुन्हा दुरुस्त करत. ते दुरुस्त करणं त्यांनी कधी कंटाळून सोडलं नाही. एकदा मीच म्हणालो, "जाऊ द्या हो बाई, प्रेमानं म्हणतात." तर म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तर शिकवणारे. त्या नावात यश किती हाय ते मला ठावं न्हाई, पर धरून ठेवायचं हाय. ते धरायचंच काढून टाकलं तर मग ऱ्हातंय काय?"

चक्कीत नंबर हा कायदा होता. भिंतीला लागून डबे एका रांगेत ठेवायचे. डबा आधी आला तो आधी. डबेवाली घरी जाऊन पोरांना जेवू घालून आली तरी तिचा डबा पुढं सरकलेलाच असायचा. मोलमजुरी करणारीच्या पत्र्याच्या डब्यामागं सोसायटीच्या चेअरमनचं स्टीलचं पिंप थांबलेलं मी पाहिलं आहे. चेअरमनचा गडी म्हणे, "साहेबांचं हाय." बाई म्हणत, "पिंपावर लिवलंय का? मला तर पिंपच दिसायलंय."

गावातलं मोठं घर अण्णांचं. शिक्षणसंस्था त्यांची, मंगल कार्यालय त्यांचं, नगरपरिषदेत दोन पिढ्या त्यांचा शब्द. अण्णांच्या आईला सगळे आक्का म्हणत. आक्का सोवळ्याच्या. चक्की नवीन सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायांनी एक शंका काढली होती. दगडात आधीच्याचं पीठ थोडं उरतं, ते पुढच्याच्या पिठात उतरतं. मग भीमनगरच्या डब्यामागं आपला डबा लागला तर काय करायचं? आक्कांनी तोडगा काढला. त्यांचा गडी पहाटे दार उघडायच्या आधीच डबा घेऊन उभा राहू लागला. पहिला नंबर लागला की कुणाच्या मागं येण्याचा प्रश्नच नाही.

बाईंनी काही दिवस ते चालू दिलं. मग एका सकाळी आक्का स्वतः आल्या होत्या, आणि मीही डबा घेऊन रांगेत होतो. बाई त्यांच्या साध्या आवाजात, म्हणजे अख्ख्या कोपऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या, "आक्का, तुमाला एक सांगायचं ऱ्हायलं. रोज सकाळी दगडाचं तोंड साफ करायला पैली मूठ मी माझ्या घरच्या जवारीची टाकते. चक्की लावल्यापासनं तसंच हाय. तुमचं पीठ रोज माझ्याच मागं आलंय."

आक्का डबा न घेताच निघून गेल्या. बसस्टँडजवळच्या दुसऱ्या चक्कीत दळण जाऊ लागलं. पण तिथलं पीठ गरम निघायचं आणि भाकरी थापताना चिरायची. थोड्या दिवसांनी गडी परत आला. आला त्या नंबरानं रांगेत उभा राहिला. बाईंनी फक्त डबा घेताना विचारलं, "आक्का बऱ्या हायत ना?" त्यात टोमणा नव्हता, खरीच चौकशी होती. त्यांचं हे असं होतं. भांडण ज्या गोष्टीचं असेल तेवढ्यापुरतंच.

नगरपरिषदेत त्यांची ये-जा भीमनगरच्या नालीमुळं सुरू झाली. नाली तुंबली की पाणी चक्कीच्या उंबऱ्याशी यायचं. त्या अर्ज न घेता स्वतःच जात. साहेब म्हणाले, "बाई, जरा हळू बोला, ऑफिस आहे हे." बाई म्हणाल्या, "साहेब, हळू बोलल्यानंच तर तुंबलीया ती." शिपाईसुद्धा हसला. नाली निघाली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तुंबली, बाई पुन्हा गेल्या. असं करता करता त्यांच्या मनात आलं असावं की बाहेर उभं राहून ओरडण्यापेक्षा आत बसून बोलावं.

काही वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत आमच्या प्रभागाची जागा सोडतीत खुल्या प्रवर्गातील महिलेसाठी निघाली. अण्णांनी मंगल कार्यालयात प्रभागाची बैठक बोलावली. आमच्याकडं बिनविरोध या शब्दाचं फार कौतुक. निवडणूक न होणं हा गावाचा मोठेपणा समजला जातो. अण्णा म्हणाले, "आमच्या सूनबाई शिकलेल्या आहेत. आपला प्रभाग बिनविरोध झाला तर गावाची शोभा. मग सर्वानुमते ठरलं असं समजायचं ना?"

"न्हाई!"

मागून, बायांच्या सतरंजीवरून आवाज आला. कुणाचा आहे हे बघायला मान वळवायची गरज नव्हती.

"माझा अर्ज येणार हाय," बाई म्हणाल्या.

अण्णा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "बाई, ही जागा खुली आहे. तुमची राखीव सुटली की तुम्हीच. तेव्हा मी स्वतः तुमचा सूचक होईन, सगळ्यांसमोर शब्द देतो."

"अण्णा, खुल्ली म्हणजे काय?"

"खुली म्हणजे... खुली. ओपन."

"म्हंजे कडी न्हाई?"

"कडी कसली?"

"मग मी आत आले तर कोण म्हणतंय बाहेर बस?"

कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "तसं नसतं बाई. राखीव ती तुमची, खुली ती आमची."

"हे कुठं लिवलंय?"

मी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. बाईंची नजर माझ्यावर आली.

"गुरुजी, माझ्या पोरीला, सुजाताला, तुमीच शिकवलं ना? घरी येऊन सांगायची ती, खुल्ल्या जागेवर कुणालाबी उभं ऱ्हाता येतंय, गुरुजी म्हणले. का तुमी नुसतं पेपरापुरतं शिकवलं व्हतं?"

लोक हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी बाई अर्ज घेऊन घरी आल्या तेव्हा माझ्या छातीत जरा अभिमान होता, हे कबूल करतो.

अपक्षाला सूचक जास्त लागतात. बाकीच्या सह्या भीमनगरातल्या झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, "सगळ्या सह्या तिकडल्याच असल्या तर म्हणतील, ह्यांचं ह्यांच्यातच चाललंय. जागा खुल्ली हाय तर सहीबी खुल्ली पायजे. तुमच्या गल्लीची एक द्या." माझी बायको सुमन चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अक्षर नीट काढा हो. बाई निवडून यायच्यात." मी अक्षर नीट काढलं.

छाननीच्या आदल्या संध्याकाळी अण्णा घरी आले. धमकी नाही, अर्जाचा विषयही नाही. माझा मुलगा त्यांच्या संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवत होता, बरीच वर्षं. अण्णांनी त्याची चौकशी केली. "कायमचं बघूया आता त्याचं," म्हणाले. चहा संपवून उठताना दारात थांबले. "उद्या छाननी आहे. तुम्ही असालच." एवढंच.

नगरपरिषदेच्या सभागृहात छाननी होती. अण्णांच्या वकिलानं हरकत घेतली की या सूचकाची सही खरी नाही. अधिकाऱ्यांनी अर्ज माझ्यासमोर सरकवला. "गुरुजी, ही सही तुमची?"

मी टेबलाकडं बघत म्हणालो, "नाही."

बाई पलीकडच्या बाकावर होत्या. त्या पुढं झुकल्या. "काय म्हणले? गुरुजी, मोठ्यानं बोला की. चक्कीनं कान गेलेत माझे."

त्यांना खरोखरच ऐकू आलं नव्हतं. अधिकारीही थांबले. मला मान वर करावी लागली. बाई माझ्या ओठांकडं बघत होत्या, चक्कीत बघत तशा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजून कसलाच संशय नव्हता. मी मोठ्यानं म्हणालो, "ही माझी सही नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांना हळू बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

अर्ज बाद झाला. अधिकाऱ्यांनी पोलीस तक्रारीचं विचारलं तर अण्णा म्हणाले, "जाऊ द्या साहेब, बाईमाणूस आहे. गावाची शोभा जाते." त्या दिवशी गावानं अण्णांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. प्रभाग बिनविरोध झाला. सूनबाई नगरसेविका झाल्या. माझा मुलगा कायम झाला. आणि बाई 'खोट्या सहीवाली' झाल्या.

चक्की दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेला उघडली. आमच्या गल्लीचे डबे कमी झाले, पण रांग होती. बाया कुतूहलानं विचारत, "खरंच केली का हो सही?" बाई म्हणत, "ज्यानं केली त्याला ठावं हाय." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी खोटं बोललो असं त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं झालं असतं. मी पुन्हा नाकारलं असतं आणि भांडण तरी झालं असतं. त्यांनी मला तेवढीही वाट दिली नाही.

सुमन त्या रात्री एवढंच बोलली. "आता जवारी तुमची तुमी दळून आणा. मला तिथं डबा घेऊन जायला तोंड न्हाई." बाईंच्या चक्कीत जायची माझी हिंमत नव्हती. मी बसस्टँडच्या चक्कीत जाऊ लागलो. तव्यावर भाकरी चिरली की सुमन माझ्याकडं बघायची आणि चिरलेलीच ताटात वाढायची. आक्कांना ते पीठ थोडे दिवसही सोसलं नव्हतं. मी ते वर्षानुवर्षं खाल्लं.

त्यानंतर नगरपरिषदेची मुदत संपली, पण निवडणूक लागेना. प्रशासक आले. आज होईल, उद्या होईल, असं करता करता वर्षं गेली. लोक म्हणू लागले, नगरसेवक नाहीत तर काय बिघडलं? नाली तुंबायची तेव्हा तुंबतच होती. बाई म्हणायच्या, "बिघडलं कसं न्हाई? आता वरडायचं कुणावर, तेच कळंना झालंय." प्रशासकांच्या दारातही त्या जाऊन ओरडून येत. पण साहेब बदलले की नाली पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावी लागे.

याच काळात सुमन गेली. अंगणात माणसं बसली होती. बाई आल्या. माझ्याकडं न बघता थेट बायांत जाऊन बसल्या आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "लई वाईट झालं हो! रोज यायच्या चक्कीत. डबा न आणता यायच्या, नुसत्या बसायच्या!"

सगळं अंगण ऐकत होतं. मला ते तेव्हाच कळलं. इतकी वर्षं दुपारी सुमन कुठं जायची हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरातून कुणीतरी रोज त्या दारात जात होतं, हे बाईंना त्या दिवशी सगळ्यांना सांगायचं होतं की त्यांना खरंच हळू बोलता येत नव्हतं, ते मला ठरवता आलेलं नाही.

मग अखेर निवडणूक लागली. सोडतीत आमच्या प्रभागाची जागा पुन्हा खुली महिला निघाली. अण्णांनी पुन्हा बैठक घेतली आणि पुन्हा बिनविरोधचा विषय काढला. मी गेलो नाही. पण बाई उभ्या राहणार हे मला तासाभरात कळलं, कारण त्यांनी ते चक्कीत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात ज्वारी भरली आणि चक्कीत गेलो. डबा रांगेत शेवटी ठेवला. बायांनी माझ्याकडं बघितलं आणि बोलणं थांबवलं. चक्की जोरात चालू होती. मी ती वेळ मुद्दाम निवडली होती, हेही लिहायला हवं. त्या घरघरीत बाई माझे ओठ वाचतील आणि बाकी कुणाला काही कळणार नाही, असा माझा हिशोब होता.

मी म्हणालो, "बाई, ती सही माझी होती. मी खोटं बोललो."

बाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग हात वर करून बटण बंद केलं. दगड हळूहळू थांबला. चक्कीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"हं. आता म्हणा," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणालो. बाया ऐकत होत्या. एक म्हातारी डब्यावर बसली होती, तिनं नुसता सुस्कारा सोडला.

"ह्या बायांना आधीच ठावं व्हतं, गुरुजी," बाई म्हणाल्या. "सुमनताई रोज हितं येऊन कामून बसायच्या, ते बायांना कळत नसंल व्हय? हितं बोलून काय उपेग?"

"मग मी काय करू? या खेपेला माझी सही घ्या. मी सूचक होतो."

"तुमची सही नगं आता. सह्या झाल्यात. तुमच्या गल्लीच्या बी झाल्यात." त्यांनी रांगेकडं हात केला. दोन बायांनी पदर सावरला. "तुमी जिथं म्हणले तिथं म्हणा. मला माफी-बिफी नको. त्या साहेबाच्या टेबलाम्होरं माझं नाव खोटं झालंय, तिथंच खरं झालं पायजे."

मी मान हलवली. बाईंनी बटण दाबलं. माझा नंबर यायला बराच वेळ होता. मी उभा राहिलो. त्या दिवशीच्या भाकऱ्या मी स्वतःच थापल्या. वाकड्या झाल्या, पण चिरल्या नाहीत.

छाननी त्याच सभागृहात होती. अधिकारी तरुण होते, बाहेरून आलेले. अपेक्षेप्रमाणं अण्णांच्या बाजूच्या वकिलानं उभं राहून सांगितलं की या उमेदवारानं मागच्या निवडणुकीत सूचकाची खोटी सही केली होती, तेव्हा सगळ्या सह्या काटेकोर तपासाव्यात. अण्णा पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि ओळखीचं हसले.

मी उठलो. पुढच्या बाकाला धरून उभा राहिलो. "साहेब, मागच्या वेळची ती सही माझी होती. मीच केली होती. बाईंनी काही खोटं केलेलं नाही. खोटं मी बोललो होतो, याच जागी."

सभागृहात कुजबुज झाली. अधिकारी कागदांतून वर बघत म्हणाले, "आजोबा, ते मागचं झालं. आजच्या छाननीशी त्याचा संबंध नाही. बसा तुम्ही."

इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट, आणि तिचा आजच्या छाननीशी संबंध नव्हता. मी बसणार होतो.

"साहेब," बाईंचा आवाज आला, "संबंध हाय का न्हाई ते ऱ्हाऊ द्या. गुरुजी, बसू नका. परत एकदा म्हणा."

"बाई, ऐकलं आम्ही सगळ्यांनी," अधिकारी म्हणाले.

"तुमी ऐकलं. पर मागच्या बारीला ते दोनदा म्हणले व्हते."

मग मी दुसऱ्यांदा म्हणालो. पहिल्यापेक्षा मोठ्यानं. या वेळी बाई माझ्या ओठांकडं बघत नव्हत्या. त्या अण्णांकडं बघत होत्या. अण्णांचं हसू तसंच होतं, पण त्यांनी मान वळवून समोर केली.

सह्या तपासल्या गेल्या, अर्ज मंजूर झाला. प्रभाग बिनविरोध होणार नव्हता.

चिन्हाच्या वेळी बाईंनी जातं मागितलं. ते यादीत नव्हतं. मिळाली शिट्टी. "मला शिट्टी?" बाई म्हणाल्या. "म्हंजे कोंबड्याला भोंगा दिला की!" पण प्रचारात शिट्टी चालली. बाया दळण घेऊन घरी जाताना शिट्ट्या फुंकत जात. बाईंचं भाषण म्हणजे चक्कीतलं बोलणंच, फक्त चौकात. "मला ह्यांच्यावानी शोभा येत न्हाई. मला नाली ठावं हाय, नंबर ठावं हाय. अन् जागा खुल्ली हाय. खुल्ली म्हणजे खुल्ली!" हे वाक्य पोरं रस्त्यानं ओरडत फिरू लागली.

अण्णांनी मला एकदाही काही म्हटलं नाही. मुलाचा मात्र नांदेडहून फोन आला. त्याची बदली संस्थेच्या तिथल्या शाळेत झाली होती. "बाबा, एवढं करायची गरज होती का?" तो म्हणाला. मी म्हणालो, "तेव्हा नव्हती केली, म्हणून आता होती." तो मग म्हणाला, "तुम्ही इकडंच या आता राहायला." त्यात राग होता की माया, हे मी अजून इथं, नांदेडला त्याच्याकडं राहून, शोधतो आहे.

बाई पडल्या.

हे लिहिताना वाटतं की वाचणाऱ्याला वेगळं हवं असेल. मलाही हवं होतं. अण्णांच्या सूनबाई पुन्हा निवडून आल्या. पण भीमनगरात आहेत त्याहून बरीच जास्त मतं शिट्टीला पडली. ती कुठून आली हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारलं नाही. मतदानानंतर काही दिवस नवरे बायकांकडं जरा निराळ्या नजरेनं बघत होते, एवढं मी पाहिलं.

निकालाच्या दिवशी मी चक्कीत होतो. नांदेडला निघायच्या आधी थोडं पीठ बरोबर न्यावं म्हणून डबा लावला होता. मतमोजणीहून बाई सरळ चक्कीत आल्या होत्या, पदर खोचला होता, भुवया पुन्हा पांढऱ्या होत होत्या. कुणी डोळ्यांत पाणी आणलं तर म्हणत, "रडू नगा, पीठ भिजंल."

मी विचारलं, "पुढच्या खेपेला?"

चक्की चालू होती. त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं. "राखीव निघाली तर कुणीबी लढंल, पोरी हायत आमच्या. खुल्ली निघाली की मी हायच."

तेवढ्यात मिरवणूक आली. डीजेच्या दणक्यात चक्कीसुद्धा ऐकू येईना. उघड्या जीपमध्ये सूनबाई उभ्या होत्या, मागं अण्णा. कोपऱ्यावर जीप थांबली, सूनबाई उतरून दारात आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "काकू, आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद हाय," बाई ओरडल्या. "डबा आणलाय का? न्हाई तर जरा बाजूला सरका बाई, नंबर खोळंबलेत."

सूनबाई हसल्या. खरंच हसल्या असं मला वाटलं. त्या जीपमध्ये परतल्या आणि पोरांनी गुलालाची पोती मोकळी केली. कोपऱ्यावर लाल ढग उठला आणि वाऱ्यानं तो थेट आमच्याकडं आला.

"बाई, शटर ओढा!" रांगेतली एक पोरसवदा सून किंचाळली. "गुलाल पिठात येतोय!"

बाईंनी ते ओठांवरून वाचलं. शटरकडं बघितलंही नाही. सांडणाऱ्या पिठावर त्यांनी आपला पदर धरला आणि त्यांच्या त्या आवाजात, डीजेवर मात करत, म्हणाल्या, "शटर कशाला? आपापल्या डब्याची झाकणं लावा!"

नांदेडला येण्याआधी त्यांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पांढऱ्या भुवयांवर लाल गुलाल, पदर पिठावर, आणि मागं सताड उघडं दार. रांगेतल्या सगळ्या बाया खाली वाकल्या होत्या. मीही वाकलो आणि माझ्या डब्याचं झाकण लावलं.